राखेची सवय

माझे हात बघितले की नवीन माणूस आधी गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "भाजले काय हो?" भाजले नाहीत. नऊ वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या, त्याच्या ह्या खुणा. आता बऱ्याच फिकट झाल्यात. तेव्हा मनगटापर्यंत काळ्या होत्या आणि बोटांची कातडी कांद्यासारखी सुटायची.

काजूची बी भाजली की टरफलातून तेल सुटतं. ते हाताला लागलं की कातडी जाळतं. म्हणून कामाला बसायच्या आधी आम्ही दोन्ही हात मनगटापर्यंत राखेत घालायचो. प्रत्येकीच्या शेजारी राखेची टोपली. दहा-वीस बिया फोडल्या की पुन्हा हात राखेत. पुढ्यात दगड, उजव्या हातात लाकडी थापी, बीच्या कडेवर एकच नेमका ठोका. टरफल उघडलं पाहिजे आणि आतला गर अख्खा निघाला पाहिजे. तुकडा पडला की मुकादमाचं तोंड सुटायचं. माझ्या हातून तुकडा पडायचा नाही. फुशारकी मारत नाही, मुकादम अजून जिवंत आहे, त्याला विचारा.

"मग इतका चांगला हात बसला होता तर काम सोडलंस कशाला?" असं लोक विचारतात. अशा लोकांना एक दिवस त्या दगडासमोर बसवलं पाहिजे. सकाळी बसलं की दिवस मावळेपर्यंत तीच बी. काल फोडलेली आणि आज फोडलेली यात काडीचा फरक नाही. मी केलं काय, तर काहीच नाही. ते गर डब्यात बसून कुठल्या मुलखात जायचे आणि कोण खायचं देव जाणे.

आणि दुसरं एक कारण होतं. छप्पन सालच्या मार्गशीर्षात मला मुलगा झाला. सात दिवस खणखणीत होता. आठव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढायचं सोडलं. जबडा आवळला, अंग ताठलं, संध्याकाळी गेला. कुणी म्हणालं नदर लागली, दृष्ट झाली, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. नवरा, सत्यवान, मुंबईला गोदीत कामाला. त्याला तार पोचेपर्यंत इथे सगळं आटोपलं होतं. दीड महिन्यानं मी पुन्हा राखेत हात घालून दगडासमोर बसले.

दोन वर्षांनी आमच्यातली यशोदा भर दुपारी कारखान्यातच अडली. पोत्यांच्या आड तिला निजवलं. सुईण यायच्या आधीच पोर बाहेर आलं. मी फक्त तिचे खांदे धरून बसले होते, दुसरं काही केलं नाही. पण ते पोर ओरडलं तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तसा नऊ वर्षांत कधी आला नव्हता. मला वाटलं, हे काम आहे. ह्याला काम म्हणतात. त्यानंतर माझं चित्त बियांत लागेना, आणि एकदा चक्क तुकडा पडला.

एकोणसाठ साली मालवणच्या सरकारी दवाखान्यात दाईचं शिक्षण सुरू झालं. सहा महिने शिकायचं, शेवटी नर्सबाईंची सही झाली की सरकारी दाई. सातवी पास बाई हवी होती. मी सातवी पास होते. सत्यवानाचं पत्र आलं, "तुका जमात तर कर. आयेक तेवढा विचार."

आये म्हणजे माझी सासू, हौसाबाई. त्यांना विचारणं हीच तर खरी परीक्षा होती.

"लोकांच्या सुवेरात हात घालतलंस आणि माझ्या घरात येतलंस?" त्या म्हणाल्या. सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. "माझो देव आसा घरात."

"विहिरीर न्हाऊन येतंय. न्हाल्याशिवाय उंबरो ओलांडूचंय नाय."

"थंडीत?"

"थंडीत पण."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी एकदा मनात घेतलं की ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांचंही तसंच आहे. "बघूया किती दिस टिकतंस ता," एवढं बोलून त्या नारळ किसायला बसल्या. ही त्यांची परवानगी.

नर्सबाईंचं नाव लीलाबाई. घाटावरच्या, पांढरं पातळ, बोलणं चाकूसारखं. आम्ही सातजणी ओळीनं उभ्या होतो. माझ्यासमोर येऊन त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"हे हात बाळाला लावणार?"

"जातील बाई डाग. कातडी भरून येईल."

"भरून आली तर ठेवीन. नाही तर नाही."

महिनाभर मी दोन्ही हातांना कोकमाचं तेल चोळलं. कातडी भरून आली. डाग राहिले, पण लीलाबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. चला, एक पायरी चढले.

एके दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, "बाळं आठव्या दिवशी का दगावतात?" आम्ही सातहीजणी एका सुरात म्हणालो, "नदर." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दुखण्याला धनुर्वात म्हणतात. गंजक्या विळीनं नाळ कापतात, वर चुलीतली राख दाबतात, शेणामातीचं सगळं विष त्यातून आत जातं. आठ दिवसांनी बाळ दूध ओढेनासं होतं.

मी उठून बाहेर गेले. नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. माझ्या मुलाच्या नाळेला राख हौसाबाईंनी लावली होती. पोराला टोचू नये म्हणून त्यांनी ती आपल्या जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ करून घेतली होती. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. राग तर असा आला होता की काही विचारू नका, पण तो काढायचा कुणावर? मी ठरवलं, त्यांना सांगायचं नाही. सांगून मुलगा परत येणार नव्हता आणि म्हातारी मात्र जन्मभर झुरली असती.

आता पुढचं ऐका, आणि हसायचं तर हसा. तिसऱ्या महिन्यात माझी पहिली केस आली, मालवणातच, एका वाण्याच्या घरी. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, औषधाच्या पाण्यात बुचकळले. लीलाबाई बाळंतिणीजवळून म्हणाल्या, "हं, बस कामाला."

बस कामाला! नऊ वर्षं मुकादमाकडून हेच ऐकून मी काय करत होते? शेजारी पाण्याची चूल होती. मी वळले, दोन्ही हात चुलीच्या राखेत घातले, मनगटापर्यंत नीट चोळले आणि कामाला हजर झाले.

घरातली बाई फिस्सकन हसली. लीलाबाई हसल्या नाहीत. "बाहेर हो," एवढंच म्हणाल्या. केस त्यांनीच केली. नंतर ओसरीवर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"राखेनं काय होतं हे ऐकून वर्गातून उठून गेली होतीस, ती तूच ना?"

"हो बाई."

"तरी?"

"डोक्याला कळलं बाई. हातांना नाही कळलं."

त्यांनी माझे हात पुन्हा उलटेपालटे करून बघितले. "पुढची एक केस देते," शेवटी म्हणाल्या. "हात राखेकडे गेले तर यादीतून नाव काढीन आणि तू सरळ कारखान्यात जा. आणि एक लक्षात ठेव, बाळ रडलं म्हणजे केस संपली असं नाही. आठव्या दिवशी जाऊन बघायचं. बाळ दूध ओढताना दिसलं, तरच माझी सही."

ही बातमी माझ्या आधी कारखान्यात पोचली. यशोदा वाटेत भेटली आणि मान खाली घालून म्हणाली, "मुकादमान तुझो दगड रिकामो ठेवलोहा गो." तिनं मायेनंच सांगितलं. मला मात्र तो दगड कुणाच्या तरी टाळक्यात घालावासा वाटला.

मी ठरवलं, हातांना शिकवायचं. रोज सकाळी साबणानं हात धुवायचे, पेटत्या चुलीसमोर, राखेच्या ढिगापासून वीतभर अंतरावर बसायचं, स्वतःलाच "बस कामाला" म्हणायचं आणि हात हलू द्यायचे नाहीत. सोपं वाटतं ना? मनात जरा दुसरा विचार आला की हात आपले निघालेच राखेकडे.

तिसऱ्या दिवशी हौसाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय गो, चुलीक नवस बोललंस?"

"हातांक शिकवतंय."

"काय शिकवतंस?"

"राखेक लागा नको म्हणान."

मग वाण्याच्या घरी काय झालं ते सांगावंच लागलं. पदर तोंडात धरून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाल्या, "पण राखेन काय होता? राख शुद्ध. देवाची भांडी आमी राखेन घासतंव."

"भांडी घासूक बरी. पण नाळेक लावली तर आठव्या दिवसा..."

मी जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता. हौसाबाईंचं हसू थांबलं.   मग त्यांनी फुंकणी उचलली आणि चांगल्या रसरसून पेटलेल्या चुलीत उगाचच फुंकर मारत बसल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीसमोर गेले तर हौसाबाई आधीच तिथे पाट टाकून बसलेल्या. हातात लोखंडी फुंकणी.

"हात धुतलंस? बस. बस कामाक!"

माझी बोटं जराशी हलली. खाडकन फुंकणी बोटांच्या पेरांवर बसली. मी किंचाळले.

"गप. परत धू. परत बस."

त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मध्येच त्या शेजाऱ्यांच्या म्हशीची गोष्ट काढायच्या, सत्यवानाच्या लहानपणीचं काहीतरी सांगायच्या, माझं लक्ष तिकडे गेलं की अचानक "बस कामाक!" आणि खाड. लीलाबाई शिकवायला बऱ्या होत्या, पण हौसाबाईंच्या हाताखाली शिकलेलं कुणी विसरणार नाही. बाराव्या दिवशी त्यांनी सात वेळा म्हटलं आणि माझे हात सातही वेळा मांडीवर राहिले. त्यांनी फुंकणी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "माझी सून राखेक हरली म्हणान कोणी सांगूक नको." माझी विहिरीवरची आंघोळ मात्र त्यांनी माफ केली नाही हो.

दुसरी केस धामापूरची निघाली. सावित्री नावाची पहिलटकरीण. सकाळच्या गाडीनं लीलाबाई आणि मी गेलो, तळ्याजवळ उतरून भगवतीच्या देवळावरून पुढे चालत गेलो. सावित्रीची सासू, काशीबाई, दारातच उभ्या होत्या. खोली स्वच्छ सारवलेली, पाणी उकळत ठेवलेलं, आणि बाजेच्या उशाशी नव्या कोऱ्या सुपात राख. माझ्या हातापासून दीड वीत अंतरावर.

लीलाबाईंनी ते सूप बघितलं. उचलायला सांगतील असं मला वाटलं. नाही. त्या हाताची घडी घालून दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू कर. बस कामाला."

मी हात धुतले होते, ओले होते. बोटांना मुंग्या आल्या. आणि नेमकी तेव्हाच फुंकणीखाली शेकलेली पेरं ठणकली. मला हौसाबाईंचं तोंड दिसलं आणि हसूच फुटलं.

"हसतंस कित्या गो?" सावित्री कळ सोसत ओरडली. "हय माझो जीव जाता!"

"खंय जाता? मी बसलंय मा. कळ इली की जोर कर."

मला वाटतं तासभर गेला असेल. डोकं बाहेर आलं आणि थांबलं. मी मानेखाली बोट घातलं. नाळ. एक वेढा, आणि त्याच्यावर दुसरा, ताणलेला. लीलाबाईंनी माझा चेहरा बघितला आणि पाऊल पुढे टाकलं.

"थांबा," मी म्हणाले.

सरकारी नर्सबाईंना मी थांबा म्हणाले. आज आठवलं तरी घाम फुटतो. पण बोटाला वाट सापडली होती. गर टरफलाला कुठे चिकटलाय हे बी फोडताना बोटालाच कळतं, आणि ओढलं की तुकडा पडतो हेही बोटालाच माहीत असतं. मी ओढलं नाही. वेढ्याखाली बोट सरकवलं, पुढची कळ यायच्या आत एक वेढा डोक्यावरून काढला. मग दुसरा. सावित्रीनं जोर केला आणि पोर माझ्या हातात आलं. मुलगी. जरा निळसर होती, मी पाठ चोळली, तशी अशी रडली की तळ्यापलीकडे ऐकू गेलं असेल. मीही रडले. त्यात लपवायचं काय आहे?

उकळलेल्या दोऱ्यानं नाळ बांधली, उकळलेल्या कात्रीनं कापली. तेवढ्यात काशीबाई सूप घेऊन पुढे आल्या.

"लाव राख."

"नाय काकी. कोरडी ऱ्हवांदे."

"आमच्या घरात सगळ्यांक लागलीहा. माझ्या चार पोरांक लागली."

"हिका नाय लागूची," मी म्हणाले आणि त्यांचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असेन.

"चेडवाक काय झाला तर तुझ्या दारात येतलंय, ध्यानात ठेव," काशीबाई म्हणाल्या आणि सूप आदळून बाहेर गेल्या.

परतीच्या गाडीत लीलाबाईंनी विचारलं, "थांबा कुणाला म्हणालीस?"

"तुम्हाला, बाई."

"बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता आठ दिवस."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हौसाबाईंना सगळं सांगितलं होतं, सुपातल्या राखेचं सोडून. त्यांनी मात्र तेवढंच विचारलं, "नाळेक काय लावलंस?"

"कायच नाय."

"कायच नाय," त्या म्हणाल्या आणि वाती वळत राहिल्या.

आठव्या दिवशी सकाळी मी निघाले तर त्या धुवट लुगडं नेसून अंगणात उभ्या. "मी येतंय." का, कशाला, काही नाही. चांगली दोन तासांची चाल. वाटभर त्या माझ्या दोन पावलं पुढेच चालत होत्या.

काशीबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "दूद पिता?"

"फाटपासून निजलाहा. पियाला नाय अजून."

पहाटेपासून दूध नाही! माझ्या मुलानंही आठव्या दिवशी सकाळीच दूध सोडलं होतं. मी पिशवीतून साबण काढला आणि विहिरीवर हात धुऊ लागले. साबण दोनदा खाली पडला. तो हौसाबाईंनी उचलला. "माका पण दी," म्हणाल्या, आणि त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली. मी कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी बघून ठेवलं होतं.

सावित्रीनं पोर मांडीवर घेतलं. मी तिच्या गालाला बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. पोरीनं तोंड वेंगाडलं, मान वळवली, आंधळ्यासारखं इकडे तिकडे शोधलं आणि आईला जी लुचली ती चुकचुक आवाज करत ओढायला लागली. नाळ सुकून पडली होती. बेंबी स्वच्छ होती. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"पिता हां," काशीबाई दारातून म्हणाल्या. "पण राख लावली असती तर माझा मन थाऱ्यार ऱ्हवला असता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"काशीबाय, राखेचा नाव काढू नको," हौसाबाई म्हणाल्या. "माझो नातू आठव्या दिवसा गेलो. ह्याच हातान मी राख लावली होती. वस्त्रगाळ करून लावली होती."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते. साबणानं धुतलेले, अजून ओले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. खोलीत पोरीच्या ओढण्याचा आवाज तेवढा होता.  काशीबाईंनी कोपऱ्यातलं सूप उचललं, मागच्या दारी गेल्या आणि सगळी राख माडाच्या मुळात ओतून आल्या.

परतताना तळ्याच्या काठानं आम्ही दोघी चाललो. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. "तुका ठावक होता," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "तरी माझ्यार आवाज नाय चढवलंस." मी म्हटलं, "तुमका ठावक नव्हता, आये." मग त्यांनी माझा हात धरला, तो डाग पडलेला हात, आणि मोठा रस्ता लागेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी सवयीनं विहिरीकडे वळले. "खंय चललंस?" त्या म्हणाल्या. "आत ये. देवाकडे दिवो लाव."

लीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सही केली. ह्याला आता आठ वर्षं झाली. केसेस मी मोजत नाही, पण आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत अंगणात खेळणारी जी पोरं दिसतील, त्यातली निम्मी माझ्या हातावर आलेली आहेत. यशोदाचं धाकटंसुद्धा. दगडासमोर परत बसायची वेळ आली नाही, येणार नाही.

आणि आठवा दिवस हौसाबाईंचा. तिथे मला कुणी विचारत नाही. लांबच्या गावी त्या माझ्यासोबत येतात, जवळपास असेल तर एकट्याच जातात, कनवटीला साबणाची वडी खोचून. मी घरी कामं करत असते, पण कान वाटेकडे असतात. परतताना त्या पायऱ्या चढायला थांबत नाहीत, खालच्या फाटकातूनच ओरडतात, "सुगंधा! दूद पिता गो!"